लाडकीचा पेला

ओटी भरायची वेळ आली तशी जयवंता नेहमीप्रमाणं मागं सरकली.

अंगणात झोपाळा टांगला होता, त्याला झेंडूच्या माळा, आणि माळांच्या मधोमध राजलक्ष्मी हिरव्या साडीत बसलेली. सातवा महिना सरत आलेला. वरकुट्याच्या निम्म्या बायका डोहाळजेवणाला आल्या होत्या. उरलेल्या निम्म्या ऊसतोडीच्या गडबडीत होत्या, आणि त्या आल्या नाहीत म्हणून आलेल्यांना बोलायला विषय मिळाला होता. जळोचीहून सासरची माणसं गाडी करून आली होती. ताटात खण होता, नारळ होता, तांदूळ होते. पहिली ओटी आईनं भरायची, तर राजलक्ष्मीची आई जयवंता सुनेला म्हणाली, "सोनम, तू हो म्होरं. मी मागनं भरते."

मंदाकिनीबाईंनी ते टिपलं. लग्नातही असंच झालं होतं. ऐन वेळेला ही बाई कुणाच्या तरी पाठीमागं उभी.

मंदाकिनीबाई म्हणजे राजलक्ष्मीची सासू. बारामतीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचे प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. पाहुण्यांकडं गेल्या तरी विहिरीला पाणी किती, गाई किती, आमटीत हे काळं काय घातलंय, सगळं विचारून घ्यायच्या. त्यांचे यजमान श्रीपादराव पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांना पाणी सोडायची नसली तरी टोमणे सोडायची सवय होती. ते म्हणायचे, "मंदा, पाहुणे आहेत ते. तुझी नववी ब नाही."

सोनमनं ओटी भरली, मग आणखी दोघींनी. मंदाकिनीबाईंची पाळी आली. त्यांनी सुनेच्या कपाळाला कुंकू लावायला बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"हिला ताप आहे."

"उनाची बसलीया कवाधरनं," जयवंता मागून म्हणाली. "आन एवढ्या बायकांच्या नजरा. मीठ-मोहऱ्या उतरवते म्हंजी जाईल."

"थांबा जरा. राजू, कधीपासून आहे हा?"

राजलक्ष्मीनं आधी आईकडं बघितलं, मग सासूकडं. "रोज नसतो मम्मी. संध्याकाळी येतो, घाम फुटला की उतरतो. सकाळी काहीच नसतं. कंबर दुखते तेवढी."

"रोज नाही, पण किती दिवस?"

"महिना होत आला असेल."

 रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिच्यावरचं गाणं लांबपर्यंत ऐकू येत राहिलं.

"मेडिकलातनं गोळ्या आणल्यात की," जयवंता म्हणाली. "सातव्यात व्हतंच आसं. कंबर तर दुखणारच. माझी न्हवती का दुखत?"

पण तिचा आवाज पडला होता. कारण गेल्या वर्षीचं कुणीच विसरलं नव्हतं. पाचव्या महिन्यात राजलक्ष्मीचं बाळ गेलं, दवाखान्यात पोचायच्या आत. त्या बाळाचं नाव कुणी ठेवलं नव्हतं, पण दोष मात्र दोन्ही घरांनी एकमेकांच्या दारात नेऊन टाकला होता. वरकुट्याचं म्हणणं, पोरगी स्कूटरवरून एमआयडीसीत कामाला जायची, तिला कुणी अडवलं नाही. जळोचीचं म्हणणं, दिवाळीला पंधरा दिवस माहेरी राहून आली आणि आल्यावर महिन्याच्या आत हे झालं. तोंडावर कुणी बोललं नाही. मागून मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून ह्या खेपेला जयवंतानं हट्टच धरला: पोरगी माझ्याकडं राहू द्या, मी खाऊ-पिऊ घालते, बाळ हातात देते आणि मग घेऊन जा. अद्वय, म्हणजे राजलक्ष्मीचा नवरा, हो म्हणाला. त्याला बायकोचं हसणं परत बघायचं होतं, मग ते कुठल्याही घरी का येईना.

आता पाचातल्या दोन ओट्या तशाच राहिल्या, आणि राजलक्ष्मीला आत नेऊन निजवलं.

*

ऋषिराज गोठ्यात होता. बहिणीला ताप आहे म्हणून सोनम सांगून गेली, तेव्हा तो धारा काढायच्या मशिनचे पाईप धूत होता. त्यानं पाईप तसाच हातात धरला.

गोठा त्याचाच. वडील भीमराव, ज्यांना सगळे आबा म्हणत, ऊस बघायचे, गाई ऋषिराजच्या. कर्ज न काढता एकेक करून वाढवल्या म्हणून त्याला मिरवायला आवडायचं. पण गेल्या दोन महिन्यांत गोठ्यात काहीतरी बिनसलं होतं. आधी गंगी नावाची गाय गाभडली, सातव्या महिन्यात. मग तिच्या शेजारची. दोन्ही वासरं मेलेली पडली. गंगीला दूध मात्र उतरलं, आणि चांगलं उतरलं.

ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. एवढंच काय, घरातही गेली नव्हती. पहिल्या दिवशीच जयवंतानं ताकीद दिली होती: घरात पोटुशी पोर हाय, तिच्या कानावर गाभडलेल्या गाईचं नाव जाता कामा न्हाय. एकदा सोसलंय तिनं. जळोचीला तर फोनवर बी बोलायचं न्हाय. ऋषिराजलाही ते पटलं होतं. बहिणीला कशाला घोर लावायचा? त्यानं दोन्ही वासरं पोत्यात घालून ओढ्याला टाकली आणि गोठा धुऊन काढला.

आता बाहेर खाटेवर श्रीपादराव बसले होते आणि जयवंता लगबगीनं आली. मशिन लावायच्या आधी गंगीची धार ती स्वतः हातानं काढायची, पितळेच्या पेल्यात. वर बोटभर फेस.

"आता ह्यो घिऊ दे राजूला, मग बघा ताप कसा पळतो."

"धारोष्ण?" श्रीपादराव सावरून बसले. "वा वा. आमच्याकडं पिशवीतलं पांढरं पाणी. आमच्या आजोळी असं मिळायचं, मिशीला फेस लागेपर्यंत. विहीणबाई, आम्हालाही होऊ द्या एक."

"द्येते की. पाव्हण्यांना न्हाय तर कुणाला द्यायचं?"

मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या. "हे तापवलेलं नाही ना?"

जयवंता हसली. "तापवल्यावर काय ऱ्हातं त्यात ताई? समदं सत्त्व चुलीला जातं. घरच्या चहाला, आबांना, समद्यांना तापवतोच की. ह्यो पेला निस्ता राजूचा. दोन टाईम. येताना शिळ्या पाल्यावानी आलती, आता बघा गालावर कशी तकाकी हाय."

मंदाकिनीबाईंच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण श्रीपादरावांनी त्यांच्याकडं नववी ब वाली नजर टाकली, आणि त्या गप्प बसल्या. श्रीपादरावांनी पेला एका दमात संपवला आणि मिशी पुसत म्हणाले, "अमृत."

ऋषिराज हे सगळं बघत होता. त्याला काही कळलं होतं असं नाही. फक्त धुतलेलाच पाईप तो परत धुवायला लागला.

दिवेलागणीला राजलक्ष्मीला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. अद्वयनं गाडी काढली आणि उसाच्या ट्रॉल्या चुकवत, मागं टाकत सगळे बारामतीला निघाले. जयवंता गाडीपर्यंत आली, दार धरलं, आणि ऐन वेळी हात काढून घेतला. "मी मागनं येते," ती म्हणाली.

*

हिवताप नाही, डेंगी नाही, टायफॉइड नाही, लघवीत काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाहीच्याच चिठ्ठ्या येत होत्या आणि संध्याकाळी ताप ठरल्या वेळेला आला.

डॉक्टर उत्कर्षा वयानं अद्वयपेक्षा थोडीच मोठी असेल. ती पलंगाच्या कडेला बसून राजलक्ष्मीच्या पाठीचा एकेक मणका दाबून बघत होती. "बाळाचे ठोके चांगले आहेत," ती म्हणाली. "पण हा ताप का आहे ते मला कळत नाहीये, आणि कळल्याशिवाय मी हिला घरी सोडणार नाही. रक्तातले जंतू वाढवून बघायला लावलेत. थोडा वेळ लागेल."

बाहेरच्या बाकावर तोपर्यंत दोन घरं दोन टोकांना बसली होती. मध्ये पाण्याची बाटली.

"खेड्यात ठेवली की असंच होणार," श्रीपादराव भिंतीशी बोलावं तसं बोलले. "डास काय, शेण काय. शिकलेली मुलगी, पण ऐकतंय कोण?"

ऋषिराजनं मान वर केली. "जळोचीत डास न्हाईत व्हय? गेल्या टायमाला तर तुमच्याकडंच व्हती ती."

"गेल्या वेळचं काढू नकोस."

"तुमीच काढलं."

"बाबा, बास," अद्वय म्हणाला. "दोघंही बास करा."

मंदाकिनीबाई ह्या सगळ्यात नव्हत्या. त्या खिडकीशी उभ्या राहून विचार करत होत्या, आणि विचार करताना त्यांचे ओठ हलायचे. त्या एकदम वळल्या.

"ऋषी, मला एक सांग. तुमच्या घरी पाणी सगळे एकच पितात?"

"व्हय. आरोचं."

"स्वयंपाक एकच?"

"एकच."

"आणि ताप फक्त राजूला. बरोबर? मग ह्या महिन्याभरात तिनं असं काय खाल्लं-प्यालं, जे दुसऱ्या कुणीच नाही?"

"काय बी न्हाय. जे आमी तेच..." ऋषिराज बोलता बोलता थांबला.

"पेला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तो पेला फक्त तिचा. कुठल्या गाईचं दूध असतं त्यात?"

"गंगीचं."

"गंगी बरी आहे ना?"

साधा प्रश्न. सहज विचारलेला. पण ऋषिराजनं खोलीच्या दाराकडं बघितलं. आईनं ताकीद दिली होती. समोर पोटुशी नव्हती खरी, पण तिचा नवरा होता, सासू होती, आणि दाराआड ती होतीच. अशुभ बोलायचं नाही म्हणून आपण गप्प बसलो, की चुकीच्या ठिकाणी गप्प बसलो?

"गाभडली ती," तो खाली बघत म्हणाला. "सातव्यात. दुसरी बी एक गाभडली. आई म्हनली, राजूपुढं असलं बोलायचं न्हाय. म्हणून कुणालाच बोललो न्हाय."

 मंदाकिनीबाईंनी त्याचा दंड धरला आणि त्याला सरळ डॉक्टरांच्या खोलीत नेलं. "हे परत सांग," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं."

उत्कर्षानं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "दादा, हे तुम्ही काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण आज सांगितलंत, हेही काही कमी नाही." मग तिनं नीट समजावलं. जनावरांचा आजार आहे, ब्रुसेलोसिस. त्याचे जंतू गाईच्या गर्भाशयात जातात, गाय गाभडते. दुधात उतरतात. दूध उकळलं की मरतात, कच्चं प्यालं की माणसाच्या अंगात शिरतात. मग असाच ताप, येतो आणि जातो, घाम, कंबर, सांधे. पोटुशी असेल तर बाळ दगावू शकतं, वेळेआधी कळा येऊ शकतात, क्वचित बाळालाही लागण होते.

"औषध?" अद्वयनं विचारलं. तो दारात येऊन उभा होता.

"आहे. बाळाला चालणारं आहे. पण दीड महिना एकही गोळी चुकवायची नाही. वेळेत सापडलं तर बहुतेक बाळं नीट होतात. आधी खात्री करून घेऊ."

"आणि गेल्या वर्षीचं?" मंदाकिनीबाईंनी हळूच विचारलं. "तेव्हाही ती दिवाळीला पंधरा दिवस तिकडं होती. तेव्हाही पेला होता."

"ते आता नाही सांगता येणार."

बाहेर आल्यावर श्रीपादरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना आवाज फुटला. "म्हणजे ह्या लोकांनी आपल्या सुनेला विष पाजलं?"

"हो का," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मग काल मिशीला काय लागलं होतं तुमच्या?"

श्रीपादरावांचा हात आपोआप मिशीकडं गेला. उत्कर्षा मागून म्हणाली, "काका, तुम्हीही प्यालात? मग तुमचंही रक्त लागेल. आत्ता काही दिसणार नाही. एक आत्ता देऊन ठेवा, एक महिन्यानं."

त्या दिवसानंतर श्रीपादराव रोज संध्याकाळी थर्मामीटर लावून बसायचे. ताप काही यायचा नाही, पण वरकुट्याला दोष देणं मात्र त्यांचं बंद झालं. एकाच पेल्यातले झाल्यावर बोलणार काय?

*

निदान तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी राजलक्ष्मी न्हाणीघरातून भिंत धरत बाहेर आली. ओठ पांढरे पडलेले. लघवी लालभडक झाली होती. गेल्या वर्षीही लालच बघितलं होतं तिनं. समोरून येणाऱ्या नर्सचा हात तिनं धरला आणि न्हाणीघराकडं बोट दाखवलं.

"गोळीचा रंग आहे तो," नर्स म्हणाली. "सांगितलं नाही का कुणी? अगं, रक्त नाही ते. बस खाली."

राजलक्ष्मी खाली बसली आणि मोठ्यानं रडली. भीतीचं रडू संपलं, मग दुसरंच आलं. "आई कुठाय माझी?" ती अद्वयला विचारत राहिली. "येते म्हणाली होती. का येत नाही?"

म्हणून मंदाकिनीबाई वरकुट्याला गेल्या. आधी इंदापूरची एसटी, तिथून ऋषिराजच्या गाडीवर मागं बसून.

गोठ्याचं रूप बदललं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सगळ्या गाईंचं रक्त नेलं होतं. गंगी आणि आणखी दोघी लांब शेवरीखाली बांधल्या होत्या, त्यांचं दूध काढून टाकत होते. ओढ्याला टाकलेली वासरं ऋषिराजनं स्वतः शोधली होती. कुत्र्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आता तो हातमोजे घालून चुना टाकत होता. लहान कालवडींना लस द्यायची, एवढं बोलून तो पुन्हा खाली वाकला.

जयवंता दावणीच्या कडेला बसली होती. उठली नाही. या म्हणाली नाही.

"मी माज्या हातानं पाजलं ताई," ती म्हणाली. "फेस मोडायच्या आत पी म्हनायची. तिला नको व्हायचं कदी कदी, तरी पाजायची. परक्यानं क्येलं आसतं तर त्याला शिव्या दिल्या आसत्या. आता कुणाला द्यू?"

मंदाकिनीबाईंनी शेजारी पोतं ओढलं आणि त्यावर बसल्या. "पाजलंत खरं. आणि मी दारात उभी राहून बघितलं. जन्मभर पोरांना फळ्यावर लिहून दिलं, दूध का तापवायचं ते. तुम्ही सत्त्व म्हणालात आणि मी गप्प बसले, पाहुणी म्हणून. चला, आता उठा. ती वाट बघतीय."

"मी न्हाय येत. माझा हात चांगला न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी न्हाय."

मंदाकिनीबाईंना कितीतरी दिवसांपासून जे विचारायचं होतं ते आता त्यांनी विचारलं. "ओटी भरायला मागं का सरकता तुम्ही?"

जयवंतानं एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करायला लागली. "ऋषीच्या पाठीवर माझी दोन गेली. एक सहाव्यात, एक आठव्यात. मग राजू झाली. सासूबाई, म्हाळसाबाई, त्या म्हनल्या, हिच्या पोटातच खोट हाय. हिनं कुणाची पयली ओटी भरायची न्हाय. कुणाचं पोर पयलं हातात घ्यायचं न्हाय. राजू झाली तवा बी सुईणीकडनं त्यांनीच घेतली, मला मागनं दिली. त्या गेल्या. पर त्यांचा शब्द काय गेला न्हाय. आन बघा की, खोटा बी न्हाय निघाला."

 मंदाकिनीबाईंचे ओठ हलायला लागले होते.

"तेव्हा गोठ्यात गाई होत्या?"

"व्हत्या की. दोन जरश्या. नव्या नव्याच आणल्या व्हत्या."

"त्यातली कुठली गाभडली होती का?"

"गाभडायच्या की. दोनदा का तीनदा..." जयवंताच्या हातातली काडी थांबली. "वासरामागची जार पडायची न्हाय. डाक्टर कुठला तवा. मग मीच कोपरापतुर हात घालून वढून काढायची. सासूबाई म्हनायच्या, हिचा हात बारीक हाय." ती मंदाकिनीबाईंकडं बघायला लागली. "ताई, माझा सहावा चालू व्हता तवा."

पलीकडं चुना टाकणारं घमेलं वाजायचं बंद झालं होतं. आबा उसातून आले होते, गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते, आणि त्यांनी किती ऐकलं ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. आईच्या त्या शब्दावर ते तेव्हा काही बोलले नव्हते. पुढंही नव्हते.

"रक्त द्या तुम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"मला काय बी झालं न्हाय."

"म्हणूनच द्या. मला कळू दे. तुम्हालाही कळू दे."

जयवंतानं नवऱ्याकडं बघितलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"जा," ते म्हणाले. "आय न्हाय आता हितं अडवायला."

*

मुलगी झाली. नववा लागता लागता झाली, जरा घाईनंच आली, पण रडत आली. राजलक्ष्मीच्या गोळ्या तोवर संपत आल्या होत्या आणि संध्याकाळचा ताप कधीच गेला होता. तरी उत्कर्षानं बाळाला काचेत ठेवलं, बाळाच्या नाळेचं रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. राजलक्ष्मी पलंगावरून काचेकडं बघत राहायची, आणि बाकीचे राजलक्ष्मीकडं.

निकाल आला त्या दिवशी दोन्ही घरं त्याच बाकावर होती. ह्या वेळेला बाटली मध्ये नव्हती, कुणाच्या तरी हातात होती. श्रीपादराव आपला दुसरा निकाल खिशात घालून बसले होते. काही नव्हतं त्यांना, आणि हे त्यांनी तोवर पोरीच्या नर्सपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं.

उत्कर्षा बाहेर आली. "बाळ स्वच्छ आहे," ती म्हणाली.

अद्वय भिंतीला टेकून खालीच बसला. सोनमनं डोळ्याला पदर लावला. ऋषिराज उगाच बाहेर जाऊन आला.

जयवंता मात्र जाग्यावर उभी होती. "डाक्टरीणबाई, माझ्या रक्ताचं काय झालं?"

"जुन्या खुणा आहेत त्यात. म्हणजे कधीतरी हा आजार तुम्हाला होऊन गेला असणार. कधी, ते नाही सांगता येत."

"माझी दोन गेली. त्याच्यानंच गेली का?"

"मावशी, इतक्या वर्षांनी खरंच नाही सांगता येणार. असेलही. नसेलही."

जयवंता विचार करत राहिली. दुसऱ्या कुणाला त्या उत्तरात काही मिळालं नसतं.

"म्हंजी माझ्या पोटात खोट व्हती म्हणून गेली," तिनं एकेक शब्द उचलत विचारलं, "आसं बी सांगता येत न्हाय?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. "तसं तर कुणालाच म्हणता येणार नाही."

आबांनी तोंड फिरवलं आणि खिडकीतून बारामतीच्या रस्त्याकडं बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. जयवंताला ते दिसलं, पण ती त्यांच्याकडं गेली नाही. ते पुढं कधीतरी.

नर्स बाळ घेऊन आली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, एवढंसं, तोंड लाल करून जांभई देणारं. रीतीप्रमाणं ती सासूकडं वळली. "घ्या आजी. पहिलं कोण घेतंय?"

जयवंता सवयीनं एक पाऊल मागं गेली. तिच्या पाठीला कुणीतरी लागलं. मंदाकिनीबाई तिच्याआधीच जाऊन मागं उभ्या राहिल्या होत्या.

"तुम्ही व्हा म्होरं," त्या म्हणाल्या. "मी मागनं घेते."

 जयवंता कोपऱ्यातल्या नळाशी गेली. बांगड्या वर सारल्या, साबण घेतला आणि गोठ्यातून आल्यावर धुवावेत तसे कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. पदराला पुसायला गेली आणि थांबली. नर्सनं धुतलेलं फडकं दिलं. तिनं हात कोरडे केले, उलटसुलट करून बघितले, आणि पुढं केले.

"आण गं हिकडं," ती म्हणाली.